हिरवा पडदा दिसला तेव्हा

शेवट आधीच सांगून टाकते. मी जिवंत आहे, माझी मुलगी जिवंत आहे, आणि मी लिहितेय तो कागद मला स्वच्छ दिसतो आहे. ज्या बाईवर, किंवा जिच्या नवऱ्यावर, आईवर हे वाचायची वेळ आली असेल, तिला उगीच धाकधूक नको. त्या दिवसांत शेवट सांगून मग गोष्ट सुरू करणारं कोणी मला भेटलं असतं, तर मी त्याच्या गळ्यातच पडले असते.

मी शलाका. भोपाळला एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहते आणि टाउनशिपच्याच शाळेत मुलांना खेळ शिकवते. माझे आजोबा नागपूरहून ऑफिसबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. आई अजून टी. टी. नगरला राहते. नवरा निशिकांत कारखान्यात इंजिनियर आहे, ट्रान्सफॉर्मर बनतात त्या विभागात. सासूबाई आमच्याजवळच असतात. त्यांना आम्ही माई म्हणतो. त्या उज्जैनच्या, त्यामुळे मराठी बोलता बोलता कधी हिंदीत शिरतील ते त्यांनाही कळत नाही. एवढीच माणसं. आणि मोठा भाऊ, अभिजितदादा, नागपूरला.

*

जानेवारीतली सकाळ. शाळेचा स्पोर्ट्स डे! वर्षभर मी ज्या दिवसासाठी जगते तो दिवस. मला आठवा महिना लागलेला, म्हणून प्रिन्सिपल मॅडमनी मैदानात फिरायची बंदी केली होती आणि खुर्चीत बसवून हातात माइक दिला होता. मला काय, तेवढं पुरे होतं. पाय इतके सुजले होते की निशीच्या सँडल घालून आले होते. दोन दिवस डोकं ठणकत होतं. पण ज्याला सांगावं तो म्हणे, आठव्या महिन्यात होतं असं. मीही मग तेच म्हणायला लागले होते.

रिलेची शेवटची फेरी आली. मुलं बाकांवर उभी राहून किंचाळत होती, आणि मी त्यांच्याहून जोरात. "लाल हाऊस आगे! पीला हाऊस पीछे से आ रहा है! देखिए, देखिए!" आणि बघता बघता ती पिवळ्या हाऊसची पोरगी अर्धीच दिसायला लागली. उजवा हात, उजवा पाय पळतोय आणि डावी बाजू नाहीच. मग सगळ्या मैदानावर चमचम पसरली, उन्हात पत्रा हलवावा तशी. त्याच वेळी बरगडीखाली कुणी मूठ घालून पिळावं तशी कळ आली.

मी रिले पुरी केली. लाल हाऊस जिंकलं म्हणून जाहीरही केलं. नंतर कळलं, पिवळं जिंकलं होतं. मुलं अजून मला ते ऐकवतात.

*

कारखान्याचं हॉस्पिटल मैदानापासून जवळच. सहकारी बाईंनी गाडीत घातलं आणि नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडम शांत स्वभावाच्या, हळू बोलणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी बीपी घेतलं. मग दुसऱ्या हाताचं घेतलं. मग स्वतः उठून दार लावलं, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

"डोकं दुखतं? डोळ्यासमोर काही चमकतं?" असं त्यांनी हिंदीत विचारलं. मी हो म्हटलं.

"अब घर नहीं जाना है. कपड़े लेने भी नहीं."

"मॅडम, दोपहर को लड़कियों की खो-खो है."

"खो-खो आपके बिना हो जाएगी," त्या म्हणाल्या. "बच्चा नहीं होगा."

त्यांनी मला समजेल असं सांगितलं. गरोदरपणात कधी कधी बीपी असं चढतं की त्याचा मारा डोक्यावर, लिव्हरवर, मूत्रपिंडावर, बाळावर, सगळ्यांवर एकदम होतो. झटके येऊ शकतात. इलाज एकच, बाळंत होणं. शहरातल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गरोदर आणि बाळंत बायकांसाठीच वेगळा अतिदक्षता विभाग सुरू झाला होता. त्यांनी तिथे थेट फोन लावला, आणि फोनवर बोलता बोलता सिस्टरला खुणेनं सांगून झटके येऊ नयेत म्हणून माझ्या दोन्ही कुल्ल्यांत इंजेक्शनं द्यायला लावली. ती इंजेक्शनं! मी शाळेत पोरांना 'रडायचं नाही' म्हणणारी बाई, मोठ्यांदा ओरडले.

निशी कारखान्याच्या गेटवर ॲम्ब्युलन्समध्ये चढला. डोक्यावर हेल्मेट तसंच. माझ्याजवळ बसला, माझा हात धरला, आणि "काही नाही, काही नाही" म्हणत राहिला. मला म्हणायचं होतं की अरे, हेल्मेट तरी काढ. अशोका गार्डन भागातल्या गर्दीत ॲम्ब्युलन्स अडकली. मागच्या काचेतून एक हातगाडी दिसली, तिच्यावर मटारच्या शेंगांचा ढीग, आणि गाडीवाला आमच्यासाठी गाडी मागे ओढत होता. एवढं आठवतं. त्यानंतर काही नाही.

*

जाग आली ती आवाजांनी. एक मशीन ठराविक ठेक्यात वाजत होतं. कुणी कण्हत होतं. चाकांचा खडखडाट जवळ आला आणि लांब गेला. जीभ चावली गेली होती, सुजून तोंडभर झाली होती. पोटावरून हात फिरवला आणि कळलं, पोट उरलं नव्हतं.

"बाळ?" मी म्हटलं. मग हिंदीत, "बच्चा?"

"बेटी हुई है," उजवीकडून एका बाईचा आवाज आला. "छोटी है, इसलिए बच्चों वाली यूनिट में है. पर रोई थी ज़ोर से, मैंने सुना. मैं शबाना, आपकी सिस्टर."

मुलगी! जोरात रडली! काय आनंद झाला मला, काय सांगू. अंगात त्राण नव्हतं तरी मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हा चेहरा मला बघायचा होता, जिने ही बातमी दिली तिचा.

"सिस्टर, लाइट जला दो ना."

तिची पावलं खाटेजवळ आली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "लाइट जल रही है, दीदी. दिन है. खिड़की आपके सामने है."

मी बोटांनी पापण्या चाचपल्या. डोळे उघडे होते. समोर काळोख होता का? नाही. काळोख तरी दिसतो. समोर काही नव्हतंच.

शबाना सिस्टरनं "कुछ नहीं होता" असं म्हटलं नाही, याबद्दल मी तिची जन्मभर आभारी राहीन. तिनं माझा हात घट्ट धरला, "हाथ मत छोड़ना" म्हणाली, आणि माझा हात न सोडता तिथूनच ओरडून डॉक्टरला बोलावलं.

*

डॉक्टर पायल माझ्याहून लहान असावी. आवाज कोवळा होता, पण घाई नव्हती. तिनं एकेक गोष्ट आधी सांगून मग केली. अशा वेळी ही केवढी मोठी गोष्ट असते! आता तुमच्या पापणीला हात लावते. आता टॉर्च मारते.

"पुतली सिकुड़ रही है. बहुत अच्छा."

"मुझे तो टॉर्च दिख ही नहीं रही."

"आपकी आँख को दिख रही है," ती म्हणाली. "बस, आप तक ख़बर नहीं पहुँच रही."

हॉस्पिटलच्या दारातच मला झटके आले होते. तसंच ऑपरेशन थिएटरात नेऊन मुलीला बाहेर काढलं होतं. त्या बीपीनं मेंदूच्या मागच्या भागाला, जिथे बघण्याचं काम होतं तिथे, सूज आली होती. डोक्याचा फोटो काढून त्यांनी ते पाहून घेतलं होतं. डोळे ठणठणीत होते.

"सूज उतरली तर दिसेल?"

"बहुतेकांना दिसतं," ती म्हणाली. "वचन नाही देणार. पण मला आशा आहे, खोटी नाही, खरीखुरी."

ऐका, मी खेळाची मास्तरीण. मुरगळलेला घोटा टम्म फुगतो आणि मग हळूहळू उतरतो, हे मी कितीदा पाहिलंय. म्हणजे माझ्या डोक्याचा घोटा मुरगळला होता! हे मला इतकं पटलं की मी हसले. डॉक्टर पायलला वाटलं, औषधाचा असर आहे.

हसणं टिकलं नाही, तेही सांगते. ती गेल्यावर मला वाटलं, मुलगी हाक मारेल आणि मी आवाजाच्या दिशेला तोंड करून बसेन. ती मोठी होत जाईल आणि मला ती कधीच ठाऊक नसेल. मग मी रडले, आणि टाके दुखले, आणि टाके दुखतात म्हणून आणखी रडले.

*

आत एका वेळी एकाच माणसाला, तेही थोडा वेळ सोडत. निशी आला. त्याच्या बुटांवरून ओळखला, कारखान्यातले जड बूट.

"कशी आहे ती?"

"छान आहे."

"छान म्हणजे?"

"म्हणजे... लाल आहे."

"निशी, नीट सांग ना!"

"अगं, इतकी छोटी आहे की सांगायला जागाच नाही," तो म्हणाला. मग नाक ओढून म्हणाला, "कॉइल गुंडाळतात ना, तशी झोपते. आणि भडकते जाम. नळी लावली की पाय झाडते."

पाय झाडते! माझी पोरगी! हे मला पुरलं. तो गेल्यावर मी तेवढंच मनात घोळवत राहिले.

बाहेर मात्र वेगळंच चाललं होतं. निशीनं बाकावर बसलेल्या आईला आणि माईंना सांगितलं की मला दिसत नाहीये, आणि आईचा तोल गेला. माईंना म्हणाली, "एवढ्या सुजलेल्या पायांनी शाळेत जाऊच कशी दिलीत हो तुम्ही?"

माई म्हणाल्या, "माझं ऐकते का ती? आणि तुमची लेक आहे, तुमचं तरी कधी ऐकली?"

प्रश्न रास्त होता. पण त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलेनात. एकाच बाकावर, मधे डबा ठेवून, दोन टोकांना बसायला लागल्या. निशी मुलीकडून माझ्याकडे, माझ्याकडून या दोघींकडे पळत होता.

त्यात दादा आला, नागपूरहून. आल्या आल्या म्हणाला, हिला इथून हलवायची. नागपूरला ओळखीचे न्यूरोलॉजिस्ट आहेत, सगळ्या सोयींची ॲम्ब्युलन्स मागवतो, सरकारी हॉस्पिटलात ठेवायची नाही. आई त्याच्या बाजूची. निशीला काही सुचेना. आणि हे सगळं माझ्याबद्दल, माझ्याशिवाय! शबाना सिस्टरकडून मला ते कळलं तेव्हा इतका संताप आला की मशीन वाजायला लागलं.

"बीपी बढ़ेगा, दीदी," ती म्हणाली.

"तो भाई को अंदर भेजो, उतर जाएगा."

डॉक्टर पायलनं परवानगी दिली आणि स्वतःही थांबली. दादा आला. त्याचा हात माझ्या डोक्यावर आला.

"शलू, मी सगळी व्यवस्था केलीय."

"दादा, रस्त्यात परत झटका आला तर?"

मी डॉक्टरच्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं.

"डॉक्टर, येऊ शकतो ना?" मी विचारलं.

"हो. अजून येऊ शकतो," ती म्हणाली.

"इथे माझ्या उशाशी एक माणूस सतत आहे. माझी मुलगी याच इमारतीत आहे. मी कुठे जाणार नाही, दादा."

"अगं, तुला दिसत नाहीये!"

"दिसत नाहीये. कळतंय."

तो बराच वेळ माझ्या केसांवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "बरं." लहानपणी पतंग माझ्या हातात द्यायचा तेव्हा म्हणायचा तसं. त्याच्यानंतर माई आत आल्या, मिनिटभरच. "मी केव्हाची सांगून राहिले होते," त्या म्हणाल्या, "जिचं डोकं आहे तिला विचारा ना. फालतू में सब परेशान."

मला माईंबद्दल इतकी माया त्याआधी कधी वाटली नव्हती.

*

आता तिथली दिनचर्या. शिरेतून ते झटक्यांचं औषध जात असे. ते चढायला लागलं की अंगात भट्टी पेटल्यासारखं होई, जानेवारीच्या थंडीत मला पंखा हवासा वाटे. दंडावरचा पट्टा आपोआप आवळायचा, फुस्स करून सुटायचा. गुडघ्यावर हातोडी मारून बघत, पाय उडतो की नाही. उडाला की डॉक्टर पायल म्हणे, "वा!" लघवीची पिशवी भरली का, किती भरली, याची चर्चा सगळ्यांसमोर मोठ्यांदा. पहिल्यांदा मी मेल्याहून मेले. नंतर मीच विचारायला लागले, "सिस्टर, आज कितना? अच्छा है ना?" शरीराचं काम चालू आहे याचा आनंद लाजेपेक्षा मोठा असतो.

आणि दूध! शबाना सिस्टर एक वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "दीदी, बेटी को भूख लगी है." मला वाटलं होतं, माझ्यात आता काय उरलंय! ती शिकवत गेली, मी दाबत गेले. काही नाही, काही नाही, आणि मग वाटीच्या बुडाशी टप्. तो आवाज मी ऐकला! "आया क्या?" "आया!" आम्ही दोघी लहान पोरींसारख्या ओरडलो. दिसत नव्हतं तर काय झालं, मुलीच्या पोटात माझं काहीतरी जाणार होतं. निशी ती वाटी दोन्ही हातांनी धरून असा गेला म्हणे, की दारातल्या वॉर्डबॉयनंही बाजूला होऊन वाट दिली.

डाव्या खाटेवर भगवती होती, विदिशाकडच्या एका गावची. घरी बाळंत झाली आणि रक्त थांबेना. ट्रॅक्टरवर घालून आणली होती. तिचा मुलगा सुखरूप होता. तिला रक्तावर रक्त चढवत होते. मान उचलायची ताकद नव्हती, पण तोंडाला विश्रांती नव्हती. आवाज घोगरा, पोक्त बाईचा. मला जिज्जी म्हणायची, म्हणजे मोठी बहीण. तिनं एकदाच मला विचारलं, "जिज्जी, तुमें सच्ची में नईं दिखत?" आणि मग आपणहून मला सगळं सांगायला लागली. खिडकीत कबूतर आलंय. डॉक्टरीणबाईनं आज लाल स्वेटर घातलाय. काचेच्या दारातून तिला बाहेरचा बाकही दिसे.

एका दुपारी म्हणाली, "जिज्जी, तुमाई दोई डुकरियाँ एकई डब्बा में से खा रईं."

डुकरिया म्हणजे त्यांच्या बोलीत म्हातारी. माझं सगळं आयुष्य भोपाळमध्ये गेलंय, मला शब्द माहीत होता. पण मराठी कानाला तो जसा लागतो तसाच लागला! माझी आई आणि माझी सासू, डुकरिया! मी टाके धरून हसले. हसता हसता ध्यानात आलं, एकाच डब्यातून. म्हणजे मिटलं. पुढे आईनं सांगितलं, काहीच बोलणं झालं नव्हतं. माईंनी पोळीचा तुकडा मोडून पुढे केला आणि तिनं घेतला, बस्स.

एक गोष्ट गाळून पुढे जाता येत नाही. कोपऱ्यातल्या खाटेवर एक बाई होती. तिचं नाव मला कळलं नाही. एका संध्याकाळी तिकडे पावलं धावली, खूप वेळ कुणी तिची छाती दाबत मोजत राहिलं, मग मोजणं थांबलं. भगवती त्या वेळी काहीच बोलली नाही. मीही विचारलं नाही. शबाना सिस्टर आमच्या दोघींच्या मधे येऊन उभी राहिली, एक हात तिच्या पायावर, एक माझ्या. तिचा हात गार होता. तेव्हा मला कळलं की मी कुठे आहे आणि माझं काय होऊ शकलं असतं. बरं होऊन बाहेर आल्यावर मी हे विसरायचा प्रयत्न केला. आता नाही करत.

*

मग ती सकाळ!

स्पंजिंग झालं होतं. सवयीनं मी डोळे उघडे ठेवून पडले होते. उजवीकडे, त्या काहीच नसलेल्या जागेत, काहीतरी होतं. आकार नाही, कड नाही. नुसता एक रंग. मला वाटलं, मनाचे खेळ. डोळे मिटले, गेला. उघडले, आला! परत मिटले, गेला. परत उघडले, आला!

"सिस्टर! वो क्या है? वो हरा हरा?"

"कहाँ?"

मी हात उचलला, सलाईनच्या नळीसकट, आणि बोट दाखवलं.

शबाना सिस्टरच्या हातातून काहीतरी खाली पडलं, स्टीलचं, केवढा आवाज झाला. "पर्दा है, दीदी! पर्दा है! हरा पर्दा है!"

"हिरवा!" मी ओरडले. "मला हिरवं दिसतंय! निशीला सांगा! कुणीतरी निशीला सांगा!"

डॉक्टर पायल धावत आली. बोटं किती, विचारलं. बोटं कुठली दिसायला! पण तिनं पडदा हलवला आणि मला तो हलताना कळला. ती "येस!" म्हणाली, मैदानावर पोरं म्हणतात तसं, आणि मग एकदम डॉक्टरसारखी होऊन म्हणाली, "आता शांत पडा. बीपी चढवू नका." चढणार नाही कसं? डावीकडे भगवती म्हणत होती, "जिज्जी खों दिखन लगो! दिखन लगो!"

दुपारपर्यंत खिडकी आली, पांढरी चौकट. संध्याकाळी माणसं आली, वाफेतून चालल्यासारखी. दुसऱ्या दिवशी मी मान वळवून डावीकडे पाहिलं. भगवतीचा आवाज ऐकून मी तिला चाळिशीची, थोराड, भक्कम बाई समजत होते. खाटेवर काडीसारखी एक पोरगी होती, नाकात लवंगेएवढी चमकी, वेणी सुटलेली, वीस तरी असेल की नाही.

"तू भगवती?"

"और को?" ती म्हणाली.

"मुझे लगा, तुम मुझसे बड़ी हो!"

"हमें तो पैलेई दिन से दिख रओ थो कि जिज्जी आप हो," ती म्हणाली, आणि हात लांब केला. आमच्या दोघींच्या नळ्या जितक्या पोचू देत होत्या तितकी बोटं आम्ही एकमेकींना लावली.

*

मुलीकडे मला चाकाच्या खुर्चीतून नेलं. निशी ढकलत होता, मागे आई आणि माई, दोघी एकदम बोलत. हात धुतले, गाऊन चढवला. निशी म्हणाला, "ही."

मला अजून अर्धंच दिसत होतं. बरोबर मधोमध चिरल्यासारखं, डावीकडचं काहीच नाही. म्हणून मी तिला हप्त्याहप्त्यानं पाहिलं. आधी एक कान, मुडपलेला, त्यावर लव. मान वळवली, गाल. आणखी वळवली, ओठ, वरचा ओठ टोकदार. मग एक मिटलेला डोळा. मग तो दुसरा. सगळं होतं! प्रत्येक तुकड्यावर मी "आहे, हेही आहे" म्हणत होते आणि माई मागून म्हणत होत्या, "सगळंच आहे गं बाई, पूरी है."

तिथल्या सिस्टरनं तिला उचलून माझ्या छातीवर ठेवलं, कातडीला कातडी. वजन काय, ओला टॉवेल ठेवावा तेवढं. तिनं पाय झाडला. मी इतके दिवस मनात घोळवलेलं ते खरं होतं, आणि ते आता मला लागलं, बरगडीवर, चांगलं जोरात. आठवड्याभरात डावी बाजूही भरून आली. कशी आली ते कळलं नाही. एका सकाळी मी मान न वळवता तिच्याकडे बघत होते.

*

आता जिला हे वाचायची वेळ आली असेल तिला थोडं. मी डॉक्टर नाही. पण गरोदरपणात डोकं ठणकत राहिलं, डोळ्यांपुढे चमकलं, बरगडीखाली दुखलं, चेहरा-हात सुजले, तर "होतं असं" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. कुणी कितीही मायेनं म्हणो. जा आणि बीपी बघून घ्या, त्याच दिवशी. बाळंत झाल्यावरही हे होऊ शकतं, घरी गेल्यावरही. आणि अतिदक्षता विभागात पोचलात, तर जे वाटतं ते बोला. दिसत नाही, बोला. भीती वाटते, बोला. तिथल्या मशीनला तुमचं बीपी कळतं, तुमची भीती कळत नाही. ती माणसांना सांगावी लागते.

घरच्यांनाही एक सांगते. भांडण होईल. होऊ द्या. भीती वाटणारी माणसं भांडतात. फक्त जेवताना एका डब्यातून जेवा.

घरी आल्यावर सगळं एकदम छान झालं नाही. बीपीची गोळी अजून चालू आहे. सायरन वाजला की हातातलं काम टाकून मी मुलीजवळ जाते. मुलगी झोपली की मी वाकून तिचा श्वास बघायचे, आणि निशी मी झोपले की माझा. एकमेकांना पकडायचो आणि हसायचो. दिवे मात्र मी मालवू देत नसे. दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात, सगळीकडे दिवा.

उन्हाळा लागला. एक दिवस तिन्हीसांजेला वादळ आलं आणि सगळ्या टाउनशिपची वीज गेली. खिडक्या लावलेल्या, बाहेर धुळीनं अंधारून आलेलं. घरात मिट्ट काळोख. आई आलेली होती, माई होत्या, निशी नुकताच कारखान्यातून आला होता. माझ्या घशातून एक आवाज निघाला, तो आवाज मला माझा वाटला नाही. निशी ओरडला, "लाइट गेलीय गं! फक्त लाइट गेलीय!" आणि मोबाइल शोधायला धावला तो स्टुलाला अडखळला. माईंच्या हातातून दुधाचं पातेलं गेलं. आई म्हणाली, "कुणी हलू नका!" आणि आतल्या खोलीत मुलगी उठून रडायला लागली.

आणि मी चालायला लागले. विचार केला नाही, हात पुढे केला नाही. दारापर्यंत, दारातून वळून, पलंगाच्या कडेनं. हे मला येत होतं! जिथून रडणं येत होतं तिथे वाकले आणि पहिल्याच झटक्यात ती माझ्या हातात आली, डोकं डाव्या हातावर, बूड उजव्यावर. ती गप्प झाली. बाहेर निशी अजून "टॉर्च कुठंय, टॉर्च कुठंय" करत होता.

"राहू दे रे," मी आतून ओरडले. मला हसू आवरेना. "आम्हाला सगळं दिसतंय!"